कादार, बोदनार की पिंतेर? हंगेरियन व्यवसायदर्शक आडनावाचं मूळ असं शोधा

लाकडी पिंपं बांधणाऱ्या कारागिराला हंगेरियन भाषेत तीन नावं आहेत: कादार, बोदनार आणि पिंतेर. तिन्ही आडनावंही आहेत. शब्दकोश उघडलात तर तिन्हींपुढे जवळपास एकच अर्थ दिसेल, 'पिंप बनवणारा'. बहुतेक लोक इथेच वही मिटतात आणि 'आमचे पूर्वज पिंपं करायचे' असं वंशवृक्षात लिहून टाकतात. खरं काम तर इथून पुढे सुरू होतं. एकाच धंद्याला तीन शब्द का, आणि या घराण्याच्या वाट्याला त्यातला नेमका हाच का आला, हे विचारलं की आडनाव बोलू लागतं.

घरात हंगेरियन सून किंवा जावई आलाय, कचेरीतल्या सहकाऱ्याच्या आडनावाबद्दल कुतूहल आहे, किंवा परदेशातल्या नातवंडांसाठी दोन्हीकडचा वंशवृक्ष करायचाय, अशा कुणालाही उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय. उदाहरण पिंपवाल्यांचं घेतलंय, पण लोहार, शिंपी, कुंभार, गिरणीवाला अशा कुठल्याही व्यवसायाच्या आडनावाला हीच पद्धत लागू पडते.

पहिलं काम: आडनाव कोणतं आणि ते नीट कसं वाचायचं

हंगेरियन माणूस आधी आडनाव सांगतो, मग नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखंच. जगाला 'फेरेंत्स पुश्काश' म्हणून माहीत असलेला फुटबॉलपटू त्याच्या देशात 'पुश्काश फेरेंत्स' असतो. त्यामुळे जुना कागद हातात आला की पहिला शब्द आडनावाचा धरा. परदेशात झालेल्या नोंदीत मात्र हा क्रम उलटलेला असू शकतो, आणि कधीकधी कारकुनाने नावालाच आडनाव करून टाकलेलं असतं.

मग अक्षरं. रोमन लिपीतलं 'एस' हंगेरियनमध्ये 'श' असतं आणि 'एस-झेड' ही जोडी 'स'. म्हणजे इंग्रजी सवयीने वाचणाऱ्याचं बरोब्बर उलटं होतं. 'सी-एस' म्हणजे 'च', 'एल-वाय' म्हणजे 'य', नुसता 'सी' म्हणजे 'त्स'. स्वरावरची तिरकी रेघ ही सजावट नव्हे, तिने उच्चार बदलतो. 'कादार'मधल्या दोन्ही 'ए'वर रेघ असते म्हणून तो 'कादार'; रेघ नसती तर उच्चार 'कॉदॉर'च्या जवळ गेला असता. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेलेल्या कुटुंबांच्या या रेघा पहिल्याच पिढीत गळून पडतात. मग ते आडनाव आपल्याकडच्या 'कादर'सारखं दिसायला लागतं. दोघांचा संबंध काडीचा नाही.

जुनी स्पेलिंगं एका जागी लिहून ठेवा, पुढे शोध घेताना लागतील. 'कोवाच' (लोहार) हे आडनाव शेवटी 'सी-एस', 'टी-एस' किंवा 'सी-एच' अशा तिन्ही तऱ्हांनी सापडतं. सतराव्या-अठराव्या शतकात 'टी-एस' लिहिण्याची रीत साधारणपणे प्रोटेस्टंट लोकांत होती आणि 'सी-एच' लिहिण्याची कॅथलिकांत. त्यामुळे स्पेलिंगवरून कधीकधी कोणत्या चर्चची नोंदवही आधी उघडायची याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पुरावा नाही.

दुसरं काम: शब्द फोडा

व्यवसायाच्या आडनावात मूळ शब्द आणि त्याला जोडलेलं शेपूट असे दोन भाग बहुधा दिसतात. शेपूट ओळखता आलं की अर्धा अर्थ हाती लागतो.

'साबो' म्हणजे शिंपी. यातलं 'साब' म्हणजे कापणं, आणि 'ओ' म्हणजे ते करणारा. हंगेरियन शिंपी आडनावापुरता शिवत नाही, कापतो. 'हाल' म्हणजे मासा, 'हालास' मासेमार. 'युह' म्हणजे मेंढी, 'युहास' मेंढपाळ. 'केर्त' बाग, 'केर्तेस' माळी. 'ज्यार्तो' म्हणजे बनवणारा, म्हणून 'केरेकज्यार्तो' हा चाकं बनवणारा. या सगळ्यांत फारसा वाद नाही.

वाद आहे तो नुसत्या 'श'ने संपणाऱ्या शब्दांत. हे 'श' म्हणजे 'ते ज्याच्याकडे आहे तो'. ती वस्तू तो बनवतो, विकतो, वापरतो की नुसती बाळगतो, हे शब्द सांगत नाही. 'पुश्का' म्हणजे बंदूक. 'पुश्काश' बंदुका घडवणारा असेल किंवा बंदूक घेऊन लढणाराही. 'बोर्श' म्हणजे मिरी. 'बोर्शोश' मसाल्यांचा व्यापारी असेलच असं नाही. अशा आडनावापुढे ठामपणे धंदा लिहू नका. दोन्ही शक्यता लिहा आणि पुढच्या कागदांची वाट बघा.

याच शेपटाची दोन आडनावं जगभर फिरून आली आहेत. 'गुया' म्हणजे गुरांचा कळप, 'गुयाश' म्हणजे गुराखी. त्या गुराख्यांच्या मांसाच्या रश्शालाच आज जग गुलाश म्हणतं, आणि 'गुयाश' हे आडनाव अजूनही रोजच्या वापरात आहे. दुसरं 'कोचिश'. उत्तर हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या हलक्या, वेगवान गाड्या गाजल्या आणि 'कोचवाली गाडी' ती 'कोची' झाली. कोची हाकणारा तो कोचिश. हाच शब्द युरोपभर पसरून इंग्रजीत 'कोच' झाला आणि तिथून आपल्या रेल्वेच्या डब्यावर आला. म्हणजे कोचिश आडनावाच्या मुळाशी धंदा आहे आणि धंद्याच्या नावाच्या मुळाशी एक गाव.

आणखी एक शेपूट सांभाळायचं, ते म्हणजे 'इ'. 'सकाच' म्हणजे आचारी, पण 'सकाची' हे गावाचं नाव आहे. अकराव्या-बाराव्या शतकात राजाच्या किंवा चर्चच्या सेवेत असलेल्या कारागिरांची गावंच्या गावं वसलेली होती, आणि त्या सेवेवरून गावांची नावं पडली. त्यामुळे 'सकाची', 'कोवाची' अशी आडनावं 'त्या गावचा' एवढंच सांगतात. आडनावातल्या माणसाने कधी पळी किंवा हातोडा हातात धरला होता, असा त्याचा अर्थ नाही.

तिसरं काम: शब्द कोणत्या दिशेने आला ते बघा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या, असं मी सुचवेन.

हंगेरियन लोक नवव्या शतकाच्या शेवटी कार्पेथियन पर्वतांच्या आतल्या मैदानात उतरले. तिथे आधीपासून स्लाव लोक शेती आणि कारागिरी करत होते. म्हणून स्थिर वस्तीतल्या कितीतरी धंद्यांची हंगेरियन नावं स्लाव्हिक आहेत. कोवाच (लोहार), ताकाच (विणकर), मोल्नार (गिरणीवाला), मेसारोश (खाटीक) ही सगळी त्याच वाटेने आली. पुढे शहरांत जर्मन कारागीर येऊन वसले, त्यांच्याबरोबर जर्मन शब्दांची दुसरी लाट आली.

आता पिंपवाले बघा. 'काद' म्हणजे मोठं लाकडी घंगाळ किंवा टाकी. हा शब्द स्लाव्हिक, आणि 'कादार' हा ती बनवणारा. 'बोदनार'ही स्लाव्हिकच, पण दुसऱ्या दिशेचा: स्लोव्हाक, पोलिश आणि युक्रेनियन भाषांत याचे सख्खे भाऊ आजही वापरात आहेत. गंमत म्हणजे त्या स्लाव्हिक शब्दाच्याही मुळाशी टाकीसाठीचा जुना जर्मन शब्द आहे. म्हणजे जर्मन शब्द स्लाव लोकांकडे जाऊन, रूप बदलून हंगेरियनांकडे पोचला. तिसरा 'पिंतेर' मात्र थेट जर्मनमधून आला, ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या बोलीतल्या 'बिंडर'वरून. बिंडर म्हणजे बांधणारा. लाकडाच्या पट्ट्या कड्यांनी आवळून बांधणं, हेच तर पिंपाचं काम.

आता नकाशा समोर ठेवा. पिंतेर आडनावाची दाटी डॅन्यूबच्या पश्चिमेला, ऑस्ट्रियाकडच्या भागात. बोदनार ईशान्येला, जिथे स्लोव्हाक आणि रुसिन (युक्रेनियनांच्या जवळचे स्लाव लोक) वस्ती शेजारी होती. कादार मधल्या मैदानात आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनियाकडे. तिन्ही जागी काम तेच, फक्त शेजारी वेगळे. ईशान्येतल्या तोकाय भागाची वाइन ज्यात मुरते त्या १३६ लिटरच्या पिंपाला 'गोन्त्सी होर्दो' म्हणतात, कारण ती गोन्त्स गावच्या कारागिरांनी बांधलेली असत. हे गाव बोदनारांच्या पट्ट्यात येतं. वाइन, ओकचं जंगल आणि आडनाव एकाच नकाशावर येतात तेव्हा मला तरी फार समाधान वाटतं.

अशी जोडनावं इतर धंद्यांतही आहेत. चाकं-गाड्या करणाऱ्याला 'केरेकश' आणि 'केरेकज्यार्तो' ही घरचीच नावं, तर 'बोग्नार' हे जर्मन 'वाग्नर'वरून आलेलं. कुंभार म्हणजे 'फझेकश', पण पश्चिमेकडे 'गेरेंचेर'. तुमच्या हातातल्या आडनावाला असा भाऊ आहे का, हे आधी शोधा. असेल तर तुमचं भौगोलिक काम निम्मं झालं. नसेल, म्हणजे आडनाव 'कोवाच' किंवा 'साबो'सारखं देशभर पसरलेलं असेल, तर नकाशा फार मदत करणार नाही. कोवाच हे 'नॉज' (मोठा) नंतरचं, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं आडनाव आहे. तिथे गावाचं नाव कळल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका.

चौथं काम: आडनाव मुळातलंच आहे ना, याची खात्री

यानोश कादार १९५६ ते १९८८ हंगेरीच्या कम्युनिस्ट पक्षाचा सर्वेसर्वा होता. त्याचे पूर्वज पिंपं बांधायचे का? ते आडनाव त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भूमिगत असताना टोपणनाव म्हणून घेतलं होतं. १९१२ साली फियुमे बंदरात (आजचं क्रोएशियातलं रियेका) जन्मला तेव्हा त्याची नोंद आईच्या स्लाव्हिक आडनावाने झाली, चेर्मानिक म्हणून. हंगेरीत पुढे त्याचं चेर्मानेक झालं. तरुणपणी तो शिकला ते टाइपरायटर दुरुस्तीचं काम. पुश्काशचंही तसंच. १९२७ साली जन्मला तेव्हा घरचं आडनाव जर्मन होतं, पुर्त्सेल्ड. १९३७ मध्ये ते बदलून पुश्काश केलं. बंदुकीचा आणि त्या घराचा संबंध एवढाच की हंगेरियन कानाला हे आडनाव आपलं वाटलं.

हे अपवाद नाहीत. एकोणिसाव्या शतकात हंगेरियन राष्ट्रवाद वाढला तसे जर्मन, ज्यू आणि स्लाव कुटुंबांनी लाखोंच्या संख्येने नाही तरी हजारोंच्या संख्येने हंगेरियन आडनावं घेतली. १८८१ मध्ये अर्जाचं शुल्क पाच फोरिंटवरून पन्नास क्राइत्सारवर, म्हणजे अर्ध्या फोरिंटवर आणलं, आणि असं आडनाव घेणाऱ्यांना हिणवायला 'पन्नास-क्राइत्सारचे हंगेरियन' असा शब्दच रूढ झाला. नवीन आडनाव निवडताना दोन सोप्या वाटा होत्या. एक, सरळ भाषांतर: श्मिटचा कोवाच, श्नायडरचा साबो, म्युलरचा मोल्नार, फिशरचा हालास. दुसरी, आद्याक्षर तेच ठेवून भलतंच आडनाव घेणं, म्हणजे रुमालावरची, चांदीच्या चमच्यावरची अक्षरं बदलायला नकोत. भाषांतर असेल तर धंद्याचा अर्थ टिकतो, पण तो जर्मन आडनावाचा अर्थ असतो. आद्याक्षर जपलं असेल तर अर्थ शोधण्यात काही राम नाही.

ज्यू कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक पायरी मागे जावं लागतं. तेव्हा हंगेरीवरही राज्य करणाऱ्या हाब्सबर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफच्या १७८७ च्या हुकुमाने त्यांना कायमची जर्मन आडनावं घेणं सक्तीचं झालं. त्याआधी बहुतेकांचं वडिलांच्या नावावर भागत होतं. त्यामुळे ज्यू 'साबो'च्या मागे 'श्नायडर' सापडेल आणि त्याच्या मागे आडनावच सापडणार नाही.

तपास असा करा. १८०० ते १८९३ मधल्या मंजूर नावबदलांची यादी झोल्तान सेंतिवान्यी याने १८९५ मध्ये पुस्तकरूपाने छापली. ती वर्णानुक्रमाने आहे आणि त्यात जुनं-नवं दोन्ही नावं मिळतात. त्यानंतरच्या काळासाठी सरकारी जन्मनोंदीचा समास बघा. नाव बदललं असेल तर गृहमंत्र्यांच्या आदेशाच्या क्रमांकासह तसा शेरा तिथे मारलेला असतो. लोक मूळ नोंद वाचतात आणि समास वाचत नाहीत. तिथेच फसतात.

पाचवं काम: नोंदवह्यांतून मागे चालत जा

सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून सुरू झाली. त्यामागे जायचं तर चर्चच्या वह्या. त्या बऱ्याच ठिकाणी सतराव्या शतकाच्या शेवटी किंवा अठराव्या शतकात सुरू होतात, कारण देशाचा मधला भाग दीडशे वर्षं ओट्टोमान अमलात होता. दोन्ही प्रकारच्या नोंदींचे फोटो फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं उघडून मोठ्या प्रमाणावर फुकट बघता येतात. नेहमी अलीकडून मागे जा, एकेक पिढी जोडत. अठराव्या शतकातला एखादा कादार आवडला म्हणून त्याला पणजोबांना चिकटवू नका.

गावाचं नाव अडवतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या, ४ जून १९२० च्या त्रियानों तहात जुन्या हंगेरीचा जवळपास दोन तृतीयांश भूभाग शेजारी देशांकडे गेला. पोझोन आता ब्रातिस्लाव्हा आहे, कश्शा हे कोशित्से, कोलोझ्वार हे क्लुझ, उंग्वार हे उझहोरोद. आजोबांच्या कागदावरचं गाव हंगेरीच्या नकाशावर सापडत नसेल तर स्लोव्हाकिया, रोमानिया, युक्रेन, सर्बिया बघा. बोदनार शोधणाऱ्यांना तर हे हमखास करावं लागतं.

मग लॅटिन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिक वह्या बहुतकरून लॅटिनमध्ये असत. व्यवसायही लॅटिनमध्ये लिहिलेला: फाबेर म्हणजे लोहार, सार्तोर शिंपी, मोलितोर गिरणीवाला, तेक्स्तोर विणकर, फिगुलुस कुंभार, विएतोर पिंपवाला. जुन्या कागदांत तर आडनावाचंच भाषांतर केलेलं असतं. 'योहान्नेस सार्तोर' दिसला तर तो साबो आडनावाचा कुणीही असू शकतो, किंवा धंद्याने शिंपी असलेला भलत्याच आडनावाचा माणूस. निवाडा करायला त्याच माणसाच्या दोन-तीन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवा. एखाद्या पाद्र्याने कुठेतरी हंगेरियन रूप लिहिलेलं असतंच.

बायकांच्या नावात 'ने' हे शेपूट दिसलं, 'कोवाच यानोशने' असं, तर ती कोवाच यानोशची बायको. तिचं स्वतःचं नाव त्यात अजिबात नाही. पण मुलांच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुधा दिलेलं असतं, आणि एका गावात दहा कोवाच यानोश असतील तेव्हा नेमका कोणता तो आपला, हे त्या माहेरच्या आडनावावरूनच ठरतं.

सहावं काम: जुन्या गणना

नोंदवह्या संपल्या की करासाठी केलेल्या गणना. १७१५ आणि १७२० मध्ये देशभर कर भरणाऱ्या कुटुंबप्रमुखांची मोजणी झाली. त्यांचे फोटो हंगारिकाना या संकेतस्थळावर आहेत. सरदार-उमराव करातून सुटलेले, म्हणून ते यात नाहीत. १८२८ ची गणना आणखी तपशीलवार आहे, तिच्यात कारागिरांचाही हिशोब लागतो. इथे आपल्या आडनावापुढे कोणता धंदा आहे ते बघा. बहुतेक वेळा तुमची निराशा होईल. पिंतेर आडनावाचा माणूस विणकर निघेल, मोल्नार जमीन कसत असेल. फडणीसांच्या घरात आता कुणी फडाचे हिशोब लिहीत नाही, तसंच. आडनावं सरदारांत तेराव्या-चौदाव्या शतकात रुळू लागली आणि सामान्य लोकांत पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत बऱ्यापैकी पक्की झाली. १८२८ पर्यंत धंदा आणि आडनाव यांची फारकत होऊन पिढ्या लोटलेल्या होत्या.

एखाद्या गावात मात्र आडनाव आणि धंदा दोन्ही जुळतात. तेव्हा जिल्हा अभिलेखागारात त्या शहराच्या कारागीर संघांचे कागद आहेत का, ते विचारा. हे संघ १८७२ च्या कायद्याने बंद झाले. त्याआधीचे शिकाऊ उमेदवारांचे करार आणि उस्तादांच्या याद्या काही ठिकाणी टिकून आहेत.

शेवटी: पहिला लेखी पुरावा आणि निष्कर्ष लिहिणं

आडनावाचा सगळ्यात जुना उल्लेख कधीचा, हे बघायला मिक्लोश काझ्मेरचा जुन्या हंगेरियन आडनावांचा कोश (१९९३) वापरा. त्यात चौदाव्या ते सतराव्या शतकातली आडनावं वर्ष आणि संदर्भासह आहेत. तो उल्लेख तुमच्या पूर्वजाचा नसतो, शब्दाचा असतो. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांत दोन वेगळ्या पिंपवाल्यांवरून दोन कादार घराणी उभी राहिली असतील, आणि त्यांचं रक्ताचं नातं शून्य असेल.

वंशवृक्षाच्या टिपणात तीन ओळी वेगळ्या ठेवा: शब्दाचा अर्थ, शब्दाचा प्रदेश, आणि या घराण्याबद्दल कागदावर सिद्ध झालेलं. नमुन्यादाखल, एखाद्या काल्पनिक कुटुंबाचं असं: 'पिंतेर. अर्थ: पिंप बांधणारा, ऑस्ट्रियन जर्मनमधून. प्रदेश: डॅन्यूबच्या पश्चिमेला दाट. घराणं: १८९५ च्या नोंदीच्या समासात नावबदलाचा शेरा नाही, १८२८ मध्ये याच गावात, धंदा विणकर, १७२० च्या गणनेत हे आडनाव या गावात नाही.' शेवटच्या वाक्यावर लाल शाईने खूण करा. १७२० ते १८२८ च्या मध्ये ते कुठून तरी तिथे आले, आणि पुढचा शोध शेजारच्या गावाच्या लग्नाच्या वहीपासून सुरू होतो.